मठारलेलं मडगार्ड

"उजे, बंद कर ते आधी! माझ्या कुरडया जळतायत!"

आईचा आवाज ग्राइंडरच्याही वर गेला. मी मान वळवून पाहिलं तर मडगार्डमधून उडणाऱ्या ठिणग्या थेट अंगणातल्या बाजेवर पडत होत्या, आणि बाजेवर जुन्या धोतराच्या पानावर आईच्या चार किलो गव्हाच्या कुरडया वाळत होत्या. प्रफुल्लने घाबरून ग्राइंडरचं बटण दाबायच्या ऐवजी वायरच ओढली. त्या ओढाताणीत ग्राइंडर नाचला आणि माझ्या पांढऱ्या मारुतीच्या दरवाजावर वीतभर ओरखडा उमटला.

"वा!" मी म्हटलं. "आता दरवाजा पण कापून टाक. हवा येईल."

"तू ओरडलीस म्हणून झालं."

"मी नाही, आई ओरडली."

"कोणीतरी ओरडलंच ना!"

हा प्रफुल्ल अंबडच्या कंपनीत माझ्या शेजारच्या टेबलावर ड्रॉइंग काढायचा. कागदावर सरळ रेघ मारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि त्यामुळे कुठलीही गोष्ट आपल्याला सरळ करता येते असा त्याचा समज झालेला. ग्राइंडर त्यानेच कुणाकडून तरी मागून आणला होता. पुढे मी त्याच्याशी लग्न केलं. होते माणसाकडून चूक.

तर तो एप्रिलमधला गुरुवार. मी चोवीस वर्षांची. दोन दिवसांनी, शनिवारी दुपारी चार वाजता, माझ्या गाडीची तपासणी होती आणि रविवारी पेठ रोडकडच्या माळावर मातीवरची शर्यत. आदल्या वर्षी मी महिलांच्या गटात धावले होते. या वर्षी त्या गटात माझी एकटीचीच नोंद आली म्हणून क्लबच्या सेक्रेटरींनी गटच रद्द केला. वर मला म्हणतात, "ताई, नाराज होऊ नका. बक्षीस समारंभाचं निवेदन तुम्हीच करायचं. आवाज छान आहे तुमचा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिथल्या तिथे फॉर्म मागितला आणि खुल्या गटात नाव लिहिलं. वीस पुरुष आणि मी.

"लिहा की," सेक्रेटरी हसले. "नियम मात्र सगळ्यांना सारखे हं, ताई."

त्या माळावर मी दोन वर्षं दर रविवारी जात होते. कुठल्या वळणाला माती भुसभुशीत आहे आणि कुठे खाली खडक आहे, हे मला डोळे मिटून सांगता आलं असतं. पण माझ्या गाडीचे टायर अरुंद, गुळगुळीत. वळणावर गाडी लोण्यावरच्या सुरीसारखी घसरायची. मग एका जुन्या शर्यतवाल्याने गाडी बदलली आणि त्याचे रुंद, खडबडीत टायर रिमसकट मला देऊन टाकले. चाकं बसली, पण मडगार्डच्या आत मावेनात. म्हणून हा सगळा उद्योग आमच्या अंगणात चालला होता. मला धावायचं होतं, बस. दुसरं काही डोक्यात नव्हतं.

उत्साहाच्या भरात दुपारपर्यंत आम्ही चारही मडगार्डं कापली. मग प्रफुल्लने गाडी जॅकवरून खाली घेतली, आणि टायर वर जाऊन कापलेल्या कडेत रुतून बसले. झालं असं होतं, की आम्ही माप घेतलं तेव्हा गाडी जॅकवर होती आणि चाकं खाली लोंबत होती. गाडीचं वजन चाकांवर आल्यावर अंतर कमी होतं, हे दोन ड्राफ्ट्समनच्या डोक्यात आलं नाही. मग पुन्हा जॅक, पुन्हा ग्राइंडर, आणखी दोन बोटं पत्रा कमी. आता टायर फिरायला लागले, पण बाजूने चांगले दीड इंच बाहेर उघडे पडले. मी नियमांचं पुस्तक काढलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, की गाडीकडे वरून पाहिलं असता टायर दिसता कामा नये आणि कापलेली धारदार कड चालणार नाही. म्हणजे आता रुंद टायर लावले तरी नापास, आणि जुने लावले तरी नापास.

नेमके तेव्हाच नाना जेवायला घरी आले.

नाना म्हणजे माझे वडील. जातीचे आणि कामाचे तांबट. अंगणाच्या मागच्या बाजूला पत्र्याची शेड आहे, तिला आम्ही कारखाना म्हणायचो. त्या कारखान्यात नानांनी पस्तीस वर्षं हंडे, घागरी, बंब घडवले. नंतर घरोघरी स्टील आलं. गिऱ्हाईक आटलं. दोन वर्षांपूर्वी नानांनी भट्टी विझवली, हातोड्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवल्या आणि मेन रोडच्या एका दुकानात भांडी विकायला बसले. स्टीलची. घरी आल्यावर ते फारसं बोलायचे नाहीत. वर्तमानपत्र वाचायचे, अगदी जाहिरातींसकट.

त्यांनी हात पाठीमागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारली. कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"माप जॅकवर घेतलं का?"

प्रफुल्लने मान खाली घातली. "हो, काका."

"हं," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

नानांना मदत मागावी, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. त्याला कारण होतं. आमच्या घरात एक दंडक होता, आजोबांच्याही आधीपासूनचा. तांबटाची हातोडी लोखंडावर पडू द्यायची नाही. भांड्याला शेवटचा हात देतात त्या मठारायच्या हातोडीचं तोंड आरशासारखं घासलेलं असतं. लोखंडावर पडून त्याला ओरखडा आला, की तो ओरखडा पुढच्या प्रत्येक घावाबरोबर भांड्यावर उमटत राहतो. म्हणून ज्याच्या हातून हातोडी लोखंडावर पडेल, त्याने त्या दिवशी अन्न घ्यायचं नाही. नाना शिकत असताना त्यांना असे अकरा उपास घडले होते म्हणे. अशा माणसापुढे मारुतीचं मडगार्ड काय नेऊन ठेवणार?

संध्याकाळी आम्ही तीन गॅरेजं फिरलो. एकाने सांगितलं, आठवड्याने या. दुसऱ्याने सांगितलं, पुट्टी भरून देतो, पण पहिल्या खड्ड्यात पडली तर मला विचारायचं नाही. तिसरा नुसताच हसला आणि त्याने आणखी दोघांना हसायला बोलावलं. घरी येऊन मी ओट्यावर बसले आणि मला रडू फुटलं. साधंसुधं नाही, चांगलं हुंदके देऊन.

"एवढं काय त्यात?" आई कुरडया गोळा करता करता म्हणाली. "पुढच्या वर्षी धाव."

"पुढच्या वर्षी ते मला फॉर्मच देणार नाहीत! बघा, म्हणतील, बाईला गाडी धड पास करून घेता आली नाही. मला निवेदन करायला लावतील, आई. साडी नेसून!"

"साडीला काय झालं गं?" आई म्हणाली, पण जवळ येऊन बसली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. नाना आत वर्तमानपत्र वाचत होते.

शुक्रवारी सकाळी उठले तर स्वयंपाकघरातून साबुदाण्याच्या खिचडीचा वास येत होता. तुपात जिरं, मिरची, दाण्याचं कूट.

"आज कसला उपास?" मी विचारलं. "एकादशी आहे का?"

"तुझ्या बापाला विचार." आई कढईकडे बघत हसत होती. "उठल्या उठल्या सांगितलं मला, आज माझा उपास आहे. आणि उद्याचाही."

मला कळायला दोन क्षण लागले. कळलं तशी मी दात न घासताच मागे धावले.

कारखान्याचं दार सताड उघडं होतं. नानांनी सदरा काढून खुंटीला टांगला होता आणि बनियनवर ते भट्टीतली दोन वर्षांची राख उपसत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडी खाली घे. चारही चाकांवर उभी कर. मग पुठ्ठा लावून कमानीचं माप काढ. ड्रॉइंग काढतेस ना कंपनीत? मग नीट काढ. वहीत फूल काढल्यासारखं नको."

"नाना, पण लोखंड..."

"उपास धरलाय ना मी? आधी धरला, की पाप लागत नाही."

"असं कोणी सांगितलं?"

"मी सांगतोय. जा."

प्रफुल्लला फोन करून मी पत्रा आणायला सांगितलं. तो तासाभरात पत्रा, अर्धा डझन केळी आणि काकांसाठी रताळी घेऊन हजर झाला. जावई व्हायचं लक्षण तेव्हाच दिसलं होतं, मीच पाहिलं नाही.

मडगार्डला जोडायच्या पहिल्याच पट्टीला नाना चुकले. तांबं मऊ करायचं तर ते भट्टीत लाल करतात आणि तसंच पाण्यात बुडवतात. मग ते लोण्यासारखं होतं, हवं तसं वळतं. नानांच्या हाताला पस्तीस वर्षांची तीच सवय. पट्टी लाल झाली, त्यांनी चिमट्यात धरली आणि मी "नाना, नको!" म्हणेपर्यंत हौदात सोडली. चर्रर्र आवाज झाला. बाहेर काढली तर पट्टी पापडासारखी वेडीवाकडी झालेली.

"याला पाणी चालत नाही, काका," प्रफुल्ल म्हणाला. "हळूहळू गार करायचं असतं, राखेत."

नानांनी ती पट्टी उलटसुलट करून पाहिली. मला वाटलं, झालं, आता सदरा घालतील आणि दुकानात जातील. पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी भलतंच दिसायला लागलं. ते हसत होते.

"अस्सं?" ते पट्टीला म्हणाले. "नखरा आहे होय तुला! बरं, तुझ्या कलाने घेऊ."

दुसरी पट्टी त्यांनी राखेत निवू दिली. मग खरवईवर धरली. खरवई म्हणजे जमिनीत रोवलेली वाकडी लोखंडी दांडी. तिच्या टोकावर भांडं टेकवून ठोकायचं असतं. नानांनी हातोडी उचलली, कपाळाला लावली आणि पहिला घाव घातला.

ठण्ण!

दोन वर्षांनी तो आवाज झाला. लहानपणी मी त्याच आवाजावर झोपायचे आणि त्याच आवाजाला उठायचे, आणि तो बंद झाल्यावर आपलं काहीतरी हरवलंय हे मला कळलंसुद्धा नव्हतं. पाच मिनिटांत शेजारच्या भिंतीवरून दोन डोकी वर आली.

"नाना, काम आलं वाटतं? कोणाची घागर?"

"मारुतीची," नाना म्हणाले.

पत्र्याच्या सपाट पट्टीतून गोल, बाहेर झुकलेली कड काढायची होती. गॅरेजवाले ती तुकडे जोडून करतात. नाना तुकडे जोडणारे नव्हते. "ही तर घागरीच्या खांद्याची गोलाई आहे," ते म्हणाले. "कडेला पत्रा ताणायचा, आतल्या अंगाला आवळायचा. धातू आपोआप वळतो. त्याला जिथे जायचंय तिथे आपण फक्त वाट करून द्यायची." मग मला म्हणाले, "उजे, दुसरं टोक धर. मी घाव घातला की बोटभर पुढे सरकव. बोटभर. वीतभर नाही."

मी धरलं. घाव, बोटभर. घाव, बोटभर. पहिल्या दहा घावांना माझे हात झिणझिणले, नंतर लय लागली. पुढेपुढे तर मी नानांच्या खांद्याकडे बघूनच सरकवायला लागले. एकदा ते थांबले, घाम पुसला आणि हातोडी माझ्यापुढे धरली.

"चार घाव घाल."

"मी?"

"मग काय प्रफुल्ल? तो कुरडया जाळेल."

माझे तीन घाव तिरके पडले. चौथा बरोबर बसला, आणि पत्रा हाताखाली किंचित हलल्याचं मला जाणवलं. मला इतका आनंद झाला, की मी ओरडलेच. आई बाहेर धावत आली. तिला वाटलं, बोट चेचलं.

दुकान सकाळीच उघडलं असणार. नाना गेले नाहीत. कोणी आठवण करून दिली नाही, आणि त्यांनीही घड्याळाकडे पाहिलं नाही. पाटांवर बसून आम्ही सगळ्यांनीच उपासाचं खाल्लं. खिचडी, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी, केळी. नाना एरवीपेक्षा दुप्पट जेवले.

"हा असला उपास आजोबांना चालला असता का हो?" आईने विचारलं.

"त्यांना तुझी खिचडी मिळाली असती तर त्यांनी रोज लोखंड ठोकलं असतं," नाना म्हणाले. आई लाजली. मी पहिल्यांदा पाहिलं तिला लाजताना.

दिवस मावळायच्या आत चार पट्ट्या तयार झाल्या. गाडीला लावून पाहिल्या. चारही अशा बसल्या, की जणू मारुतीच्या कारखान्यातून गाडी तशीच आली असावी. शनिवारी सकाळी कोपऱ्यावरच्या अय्युबभाईंनी त्या वेल्डिंगने जोडायच्या, मी वरून काळा रंग मारायचा आणि चारच्या आत माळावर पोचायचं, असं ठरलं.

शनिवारी दहा वाजता क्लबात चालकांची बैठक होती. मी प्रफुल्लला बजावलं, "काही बिघडू देऊ नकोस." आणि गेले. बैठक लांबली. एक वाजता घरी परतले तर गल्लीच्या तोंडालाच तो आवाज ऐकू आला. पण हा कालचा आवाज नव्हता. कालचा जड होता, एकेक घाव सुटा. हा बारीक होता, टणटणटणटण, पाऊस पत्र्यावर पडावा तसा. मला तो आवाज चांगला ओळखीचा होता. मी धावत सुटले.

अंगणात माझी मारुती उभी होती. अय्युबभाईंनी पट्ट्या छान जोडल्या होत्या. आणि नाना शेवटच्या पट्टीपाशी उकिडवे बसून, आतून लोखंडी गोळ्याचा आधार धरून, वरून मठारत होते.

मठारणं म्हणजे तयार भांड्यावर हातोडीचे एकसारखे, एकाला एक लागून असे ठसे उमटवत जाणं. तांब्याच्या हंड्यावर उन्हात चमकणारे ते छोटे छोटे खळगे असतात ना, ते. माझ्या गाडीच्या चारही मडगार्डांवर तसे खळगे होते. ओळीत. हजारो. पांढऱ्याशुभ्र गाडीला चार बाजूंनी चकाकती मठारलेली कड. आणि पुढच्या मडगार्डापाशी आई चिंचेचा गोळा घेऊन बसली होती आणि ते घासून उजळवत होती.

"नाना!" मी किंचाळले. "हे काय केलंत?"

नानांनी वर पाहिलं. त्यांना खरंच कळलं नाही. "काय केलं?"

"मठारलंत! गाडी मठारलीत! त्याला गुळगुळीत ठेवायचं होतं, वर रंग मारायचा होता!"

"म्हणजे कच्चंच नेणार होतीस?" त्यांचा आवाज दुखावलेला होता. "न मठारलेलं काम माझ्या घरातून आजवर बाहेर गेलेलं नाही."

"आणि आई, लोखंडाला चिंच? गंज येईल!"

"तरीच मेलं काळं पडतंय," आई म्हणाली. "मला वाटलं, माझीच चिंच जुनी."

मी प्रफुल्लकडे वळले. "तू काय करत होतास?"

"मी काकांना सांगत होतो," तो म्हणाला. "पण उजू, बघ ना जरा. किती सुंदर दिसतंय."

मला त्याचा गळा दाबावासा वाटला. जेमतेम तीन तास उरले होते. सगळे खळगे पुट्टीने भरायला दिवस लागला असता. आम्ही चिंच धुतली, काळे डाग कसेबसे पुसले आणि प्रफुल्लने घरात सापडलेलं पाट-चौरंगाचं वॉर्निश वरून मारलं. त्याने ती कड आणखीनच चमकायला लागली. तशीच गाडी काढली. पुढे मी आणि प्रफुल्ल, मागे नाना आणि आई. आई कशाला, असं विचारायची कोणाची हिंमत नव्हती.

माळावर गाड्यांची रांग लागली होती. आमची गाडी रांगेत शिरली तशी माना वळायला लागल्या. सेक्रेटरी लगबगीने आले.

"अहो ताई, हे काय! गाडी शर्यतीला आणलीत की रुखवतात मांडायला?"

आजूबाजूचे हसले. माझे कान तापले. मी काही बोलायच्या आत मागच्या खिडकीतून नाना म्हणाले, "रुखवतात मांडली असती हो. पण मग नवरदेव बायको सोडून गाडीच घेऊन पळाला असता."

या वेळचं हसणं जरा वेगळं होतं. तपासायला बोपर्डीकर म्हणून एक गृहस्थ होते. फौजेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशा, कधी हसलेले कोणी पाहिले नव्हते. आमच्या पुढच्या दोन गाड्यांनाही टायरसाठी मडगार्डं वाढवलेली होती. बोपर्डीकरांनी पहिल्या गाडीच्या मडगार्डवर तळहात ठेवून अंगाचा भार टाकला. पत्रा चहाच्या डब्याच्या झाकणासारखा आत गेला आणि टायरला टेकला. "नापास." दुसऱ्या गाडीला तेच केलं. पुट्टीचा ढलपा पडला. "नापास."

आमचा नंबर आला. नाना गाडीतून उतरून बाजूला उभे राहिले. बोपर्डीकरांनी वरून ओळंबा सोडला. टायर आत होता, चांगला बोटभर. कडेच्या खालून बोटं फिरवली. धार कुठेच नव्हती. नानांनी कड आत गोल वळवून घेतली होती, हंड्याची घेतात तशी. मग बोपर्डीकरांनी तळहात ठेवला आणि भार टाकला.

काही झालं नाही.

त्यांनी दोन्ही हात ठेवले आणि पाय उचलले. चांगला ऐंशी किलोचा माणूस माझ्या मडगार्डवर लोंबकळत होता, आणि पत्रा केसभरही हलला नाही. ते उतरले, बोटाच्या पेराने टकटक केलं. घंटेसारखा आवाज आला.

"कितीचा पत्रा आहे? सोळा गेज?"

"बावीस," मी म्हटलं.

"शक्य नाही. बावीसचा पत्रा इतका ताठ असत नाही."

"मठारलाय, साहेब," नाना मागून म्हणाले. "मठारलं की धातू आवळतो. पातळ पत्र्यालाही बळ येतं. नुसती शोभा असती तर पाचशे वर्षं कोणी एवढे घाव घातले असते का?"

बोपर्डीकर वाकले, चष्मा काढला आणि ते खळगे जवळून पाहिले. एकेका ओळीवरून बोट फिरवत पाहिले. उठले तेव्हा मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी माझ्या फॉर्मवर सही ठोकली.

"पास. पुढची गाडी."

मी नानांना मिठी मारली. बावीस जणांच्या देखत, धुळीत. आमच्या घरात मिठ्या मारायची पद्धत नव्हती. नाना आधी ताठ उभे राहिले, मग त्यांनी माझ्या डोक्यावर दोनदा थोपटलं आणि म्हणाले, "बास, बास. वॉर्निश ओलं आहे, टेकू नकोस."

रविवारी मी धावले. कशी धावले ते सांगायला बसले तर तुम्ही उठून जाल, कारण मला प्रत्येक वळण अजून पाठ आहे. दुसऱ्या वळणावर गाडी घसरली नाही, एवढंच सांगते. टायरने माती धरली आणि मी हेल्मेटच्या आत मोठ्याने हसले. तिसऱ्या फेरीत वळणावर खुणेला ठेवलेल्या एका पिंपाला घासले तेव्हा घंटा वाजल्यासारखा आवाज झाला आणि पिंप लांब जाऊन पडलं. पास झालेल्या एकोणीस गाड्यांत मी तिसरी आले. सेक्रेटरींनी माझ्या हातात कप दिला तेव्हा निवेदन कोणी पुरुषच करत होता आणि फार वाईट करत होता.

गर्दी पांगल्यावर मी गाडीपाशी आले. आई आणि प्रफुल्ल उसाचा रस आणायला गेले होते. नाना एकटेच उकिडवे बसून पिंपाला घासलेली जागा बघत होते.

"साधा चरा आहे. पोचा नाही," ते म्हणाले. खूश होते.

मी त्यांच्याशेजारी मातीत बसले. "नाना, एक विचारू? तुम्ही दंडक का मोडलात? मी तर तुम्हाला काही म्हटलंही नव्हतं."

"तेच ना," नाना म्हणाले. चऱ्यावरून अंगठा फिरवत राहिले. "दोन वर्षं झाली, उजे. हे करून द्या, ते करून द्या, असं मला कोणी म्हणत नाही. दुकानात गिऱ्हाईक भांड्याकडे बोट दाखवतं, मी काढून देतो. गुरुवारी घरी आलो तर माझ्याच अंगणात पत्रा कापला जात होता, आणि मला कोणी विचारलं नाही. तू त्या रेघा मारणाऱ्याला बोलावलंस."

"मला वाटलं, तुम्हाला लोखंड चालत नाही."

"विचारून तर बघायचं होतंस गं," ते म्हणाले. रागाने नाही. अगदी साधं, हळू.

मला भरून आलं. रडायचं नव्हतं, कप मांडीवर होता. मी उठले आणि गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिले.

"नाना, बॉनेट फार खडखडतं. पत्रा पातळ आहे. काही करता येईल का?"

नाना गुडघ्यांवर हात टेकून उठले. बॉनेटकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"त्याचं माप मी शुक्रवारीच घेऊन ठेवलंय," ते म्हणाले.